माल पारखणारे आणि माल खाणारे

२३ जुलै २०२० रोजी केंद्र सरकारनं ऑनलाइन खरेदी-विक्रीचे नवे नियम लागू केले. त्यात एक साधा नियम आहे. जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील, तर विक्रेत्याला माल परत घ्यायला नकार देता येणार नाही. निळा शर्ट मागवला आणि जांभळा आला, तर आपण अॅप उघडतो, फोटो टाकतो आणि 'रिटर्न'चं बटण दाबतो. दुसऱ्या दिवशी माणूस दारात येऊन शर्ट घेऊन जातो. हे आता इतकं अंगवळणी पडलंय, की त्यामागे एक हक्क आहे आणि त्या हक्काला इतिहास आहे, हे आपल्या मनातही येत नाही.

त्याच २०२० सालात महाराष्ट्र सरकारनं खावटी अनुदान योजना जाहीर केली. टाळेबंदीत रोजगार बुडालेल्या ११ लाख ५५ हजार आदिवासी कुटुंबांना प्रत्येकी ४,००० रुपयांची मदत द्यायची होती. त्यातले २,००० रुपये बँकेच्या खात्यात जाणार होते आणि उरलेल्या २,००० रुपयांच्या वस्तू मिळणार होत्या. मटकी, चवळी, हरभरा, डाळी, साखर, शेंगदाणा तेल, मिरची पूड, गरम मसाला, मीठ, चहा पत्ती अशी यादी ठरली. वस्तू घरोघर पोचायला २०२१ उजाडलं. पोचल्या तेव्हा पालघरसह काही जिल्ह्यांतून माल निकृष्ट असल्याच्या तक्रारी आल्या.

आता जव्हार किंवा मोखाडा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची बाई डोळ्यांसमोर आणा. पिशवी उघडली आणि यादीत 'तूरडाळ' लिहिलंय तिथं किडकी चुरी निघाली, तर तिनं कोणतं बटण दाबायचं? कायद्याच्या भाषेत ती ग्राहक नाही, 'लाभार्थी' आहे. माल तिनं विकत घेतलेला नाही. विकत घेतला सरकारी महामंडळानं. नमुना पाहून पसंत केला तो त्यांनीच, आणि नापसंत करायचा अधिकारही त्यांचाच. पण डाळ शिजणार तिच्या चुलीवर.

वर्णनाबरहुकूम नसलेला माल नाकारण्याचा हक्क जगात फार जुना आहे. जव्हार-मोखाड्याच्या इतिहासातून पाहिलं, की त्याची एक बाजू स्वच्छ दिसते. हा हक्क कायम मोल मोजणाऱ्याचा राहिला. जो प्रत्यक्ष खातो, त्याच्यापर्यंत तो फार क्वचित पोचला.

बियाण्याला दहा दिवस

सुरुवात आपल्याकडच्या जुन्या धर्मशास्त्रापासून करू. खरेदी केल्यावर पस्तावा झाला तर काय करायचं, यावर तिथं एक स्वतंत्र प्रकरणच असे. त्याचं नाव क्रीतानुशय, म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूबद्दलचा पश्चात्ताप. नारदस्मृतीतली व्यवस्था आजच्या ऑनलाइन दुकानांची आठवण करून देणारी आहे. त्याच दिवशी वस्तू जशीच्या तशी परत केली, तर पूर्ण पैसे परत. दुसऱ्या दिवशी परत केली, तर किमतीचा तिसावा हिस्सा कापला जाई. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. पुढे वस्तू घेणाऱ्याच्या गळ्यात.

याज्ञवल्क्यस्मृती त्याच्याही पुढे जाते. कोणत्या मालाची पारख करायला किती दिवस लागतात, हे ती मालागणिक सांगते. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात आणि बियाण्याला दहा दिवस. यामागे शेतकऱ्याचा व्यवहार आहे. लोखंड ठोकून लगेच कळतं. गाय किती दूध देते, हे दोन-तीन धारा काढल्याशिवाय कळत नाही. बी तर रुजल्याशिवाय बोलतच नाही.

पण त्याच यादीत आणखी दोन नोंदी आहेत. स्त्रीच्या पारखीला एक महिना आणि पुरुषाच्या पारखीला पंधरा दिवस. म्हणजे दासी आणि दास. माल परत करण्याचा इतका बारकाईनं विचार करणाऱ्या या ग्रंथात माणूसही मालाच्या रांगेत उभा आहे. याच स्मृतीवर विज्ञानेश्वरानं कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई हायकोर्टानं हिंदू कायद्यासाठी जे ग्रंथ प्रमाण मानले, त्यांत ती प्रमुख होती. घेणाऱ्याला संरक्षण होतं, पण घेणारा म्हणून कोण उभा राहू शकतो, हे आधीच ठरलेलं होतं. हा धागा पुढे लागणार आहे.

लिव्हरपूलची तक्रार

इंग्लंडचा कायदा या बाबतीत बराच काळ कोरडा होता. १६०३ च्या सुमारास लंडनमध्ये एका सोनारानं 'हा बेझोअर आहे' असं सांगून एक खडा १०० पौंडांना विकला. बेझोअर म्हणजे जनावराच्या पोटात सापडणारा खडा. तो विषावर उतारा मानला जाई. विकलेला खडा तसा नव्हता. घेणारा कोर्टात गेला आणि हरला. विकणारा 'बेझोअर आहे' म्हणाला होता खरा, पण त्यानं तशी हमी दिली नव्हती, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. घेणाऱ्यानं आपले डोळे उघडे ठेवावेत, बाकी त्याचं नशीब.

समोरासमोर बाजार होता, तोवर हे चालून गेलं. पण माल बोटीतून येऊ लागला आणि सौदा पत्रावर होऊ लागला, तेव्हा डोळे उघडे ठेवूनही काही दिसेना. मँचेस्टरच्या गिरणीमालकाला मुंबईच्या बंदरातली गासडी फोडून पाहता येत नव्हती. त्याच्या हाती मालाचं वर्णन तेवढं होतं. त्यामुळे वर्णनाला वजन आलं.

मुंबईच्या कापसाची कहाणी याची चांगली साक्ष देते. पश्चिम हिंदुस्थानातून जाणाऱ्या कापसात सरकी, माती, हलका कापूस मिसळल्याची, वजन वाढवायला पाणी मारल्याची ओरड विलायतेत जुनी होती. १८२९ सालीच मुंबई सरकारनं त्यावर एक नियम केला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. भाव चढला तशी भेसळही चढली. १८६३ मध्ये मुंबई सरकारनं कापसातल्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. भेसळ हा फौजदारी गुन्हा ठरला आणि तपासायला निरीक्षक नेमले गेले. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला गासडीत माती सापडली, तर ती तक्रार सात समुद्र ओलांडून मुंबईच्या कौन्सिलात पोचत होती आणि तिच्यापायी कायदा होत होता. कारण त्या तक्रारीमागे पैसा होता.

पुढे १८७२ चा करार कायदा आला. विकणाऱ्यानं मालाला जे नाव दिलं, त्या नावानं बाजारात जो माल ओळखला जातो तोच दिला पाहिजे, असं त्यानं सांगितलं. घेणाऱ्यानं माल किंवा वानगी आधी पाहिली असली, तरी हे बंधन सुटत नव्हतं. कायद्यातलं उदाहरण मुर्शिदाबादहून कलकत्त्याला वाटेवर असलेल्या बारा पोती रेशमी चोथ्याचं आहे. पोती अजून वाटेतच आहेत, घेणाऱ्यानं पाहिलेली नाहीत. तरीही बाजारात ज्याला रेशमी चोथा म्हणतात, तेच पोत्यात निघालं पाहिजे.

१ जुलै १९३० पासून मालविक्री कायदा लागू झाला. तो आजही चालू आहे. त्याची चौकट थोडक्यात अशी. वर्णनावरून माल विकला, तर माल वर्णनाप्रमाणेच हवा. वानगी आणि वर्णन दोन्हींवरून विकला, तर दोन्हींशी जुळायला हवा. न पाहता घेतलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत घेणाऱ्यानं तो स्वीकारला असं मानता येत नाही. आणि माल नाकारला, तर तो पाठीवर टाकून परत पोचवायची जबाबदारीही घेणाऱ्यावर नाही. 'मी घेत नाही' एवढं कळवलं की पुरे. आपल्या दारातून परत जाणाऱ्या शर्टामागे हे जुनं तत्त्व आहे.

पण तो हक्क हातातून निसटतोही लवकर. माल स्वीकारतो असं सांगितलं, तो आपलाच असल्यासारखा वापरला, किंवा वाजवी मुदतीत काहीच न बोलता ठेवून घेतला, की माल स्वीकारला असं धरतात. मग नाकारता येत नाही, फार तर नुकसानभरपाई मागता येते. ज्याच्या घरात दोन दिवसांचं धान्य आहे, तो तपासून, विचार करून, कळवून नाकारू शकतो. ज्याच्या घरात संध्याकाळचीच भ्रांत आहे, तो पोतं येताच दळायला बसतो. कायद्याच्या नजरेत तो स्वीकार ठरतो.

घाटावरची हद्द

हा कायदा झाला, तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे शेजारी वेगवेगळ्या राज्यांत होते. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं. सुमारे ३१० चौरस मैलांचा मुलूख आणि १९०१ च्या खानेसुमारीत ४७,५३८ माणसं. मोखाडा मात्र ब्रिटिश अमलाखाली होता, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातला एक पेटा म्हणून. १९३० चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. तो मोखाड्यात लागू झाला. जव्हारात तो आपोआप लागू नव्हता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, तेव्हा ही रेघ पुसली गेली.

पण पाड्यावरच्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी माणसाला या रेघेनं फारसा फरक पडला असेल का? कारण तो ज्या व्यवहारात अडकला होता, तो या कायद्याच्या व्याख्येतच बसत नव्हता. कायदा 'विक्री'चा आहे. विक्री म्हणजे किंमत घेऊन मालाची मालकी देणं आणि किंमत म्हणजे पैसा. धान्य देऊन धान्य फेडायचं असेल, तर ती विक्री नव्हे, ते कर्ज.

आणि इथला पावसाळा कर्जावरच निघायचा. डोंगरउतारावर नागली, वरई आणि खाचरात थोडं भात. दिवाळीनंतर घरात आलेला दाणा जेमतेम उन्हाळ्यापर्यंत पुरायचा. ऐन लावणीच्या दिवसांत, जेव्हा अंगमेहनत सगळ्यांत जास्त, तेव्हाच कणगी रिकामी. मग सावकाराकडून खायला धान्य उचलायचं. ती खावटी. पीक निघालं की ती दीडपट, कधी दुप्पट करून फेडायची. सावकाराचं देण्याचं माप वेगळं आणि घेण्याचं वेगळं, ही तक्रार सह्याद्रीच्या आदिवासी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आली आहे. देताना पायली वरून सपाट फिरवायची, घेताना शिगोशीग भरायची.

खावटीचं धान्य जुनं, किडकं, खडे मिसळलेलं निघालं, तर? नाकारता येतंच की. कुणी जबरदस्ती केलेली नाही. पण नाकारलं तर दुसरा सावकार कोणता? आणि पुढल्या आषाढात पुन्हा याच ओट्यावर यायचं आहे. नाकारण्याच्या हक्काला दुसऱ्या दुकानाची गरज लागते. दुसरं दुकान नसलं, तर हक्क कागदावर राहतो आणि किडकं धान्य टोपलीत पडतं.

या साखळीचं टोक माणसापर्यंत जायचं. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढून त्यापोटी सावकार-जमीनदाराकडे राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. कधी त्याची बायकोही त्याच कर्जात कामाला जाई. मघाशी पाहिलेली स्मृतीतली यादी इथं आठवते. बियाणं, दुभती गाय आणि दास एका ओळीत. तिथला दास आता कर्जदार झाला होता, एवढाच बदल.

१९३६ मध्ये ब्रिटिश सरकारनं ज्या मुलखांना 'अंशतः वगळलेले प्रदेश' म्हणून वेगळं काढलं, त्यांत ठाणे जिल्ह्यातले डहाणू व शहापूर तालुके आणि मोखाडा व उंबरगाव पेटे होते. या प्रदेशांतल्या आदिवासींच्या स्थितीवर डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याचा अहवाल १९३९ मध्ये निघाला. सावकारी आणि वेठ यांचं चित्र त्यात सरकारी कागदावर उतरलं. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लग्नगडी मोकळे झाले आणि वेठ नाकारली गेली. त्या उठावात नाकारली गेली ती आपल्यालाच माल समजणारी व्यवस्था. मालविक्री कायद्याची त्यांना काही मदत नव्हती. ते एकत्र उभे राहिले, म्हणून ते घडलं.

काट्याच्या पलीकडे

आता हाच माणूस विकायला जातो, तेव्हा काय होतं ते पाहू. तिथं नाकारण्याचा हक्क पूर्ण जिवंत असतो. फक्त तो समोरच्याकडे असतो.

डोक्यावर खुरासणी, हिरडा, डिंक किंवा मोहाची फुलं घेऊन बाई पाच-सहा कोस चालत बाजाराला येते. व्यापारी मूठ भरून वानगी पाहतो. 'ओला आहे.' 'खडे आहेत.' मग कडता कापतो, भाव पाडतो. पटत नसेल तर घेऊन जा म्हणतो. ती काय घेऊन जाणार? तिला मीठ-मिरची घेऊन अंधार पडायच्या आत पाडा गाठायचा असतो. माल नाकारायची धमकी हा इथं भाव पाडण्याचा हुकमी उपाय. व्यापाऱ्याला थांबता येतं, तिला येत नाही.

हे मोडायला महाराष्ट्र सरकारनं १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ काढलं. १९७६ च्या कायद्यानं आदिवासी भागातला ठरावीक शेतमाल आणि वनोपज खरेदी करण्याची मक्तेदारी शासनाकडे आली. तीच एकाधिकार खरेदी योजना. १९७८ पासून सावकाराच्या खावटीला पर्याय म्हणून सरकारी खावटी कर्जही सुरू झालं. हेतू चांगला होता आणि काही ठिकाणी सावकाराचा ओटा खरोखर ओस पडला.

पण आता खरेदीदार शासन झालं आणि खरेदीदाराचे सगळे हक्क त्याच्याकडे आले. हमीभावानं भात घ्यायचं, तर ते 'एफएक्यू' दर्जाचं, म्हणजे वाजवी सरासरी प्रतीचं हवं. ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त नको. काडीकचरा, खराब दाणा किती चालेल, याचंही प्रमाण ठरलेलं. खरेदी केंद्रावर यंत्र लावून ओलावा पाहतात आणि जास्त निघाला तर भात परत. यात चूक काही नाही. सरकारनं जनतेच्या पैशानं ओलं भात घेऊ नये. मुद्दा इतकाच, की मोखाड्याचा शेतकरी जेव्हा विकतो, तेव्हा त्याच्या मालाला वर्णन असतं, यंत्र असतं, टक्केवारी असते आणि नाकारणारा माणूस समोर बसलेला असतो.

त्याच शेतकऱ्याच्या घरी जेव्हा शासन माल पाठवतं, तेव्हा या सगळ्यातलं काय असतं?

दुसऱ्यानं पसंत केलेलं ताट

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या कुपोषणानं पुन्हा मथळे भरले. दर वेळी इथं योजना आल्या आणि योजनांबरोबर माल आला. अंगणवाडीत आहाराची पाकिटं, आश्रमशाळेत धान्य, दुकानात रेशन, पाड्यावर खावटीची पिशवी. आज जव्हार-मोखाड्यात गरीब घरातलं मूल जे खातं, त्यातलं बरंचसं कुणीतरी दुसऱ्यानं नमुना पाहून, निविदा काढून घेतलेलं असतं.

ज्यानं घेतलं त्याला नाकारायचा पूर्ण हक्क आहे. पण तो वापरायची निकड त्याला नाही, कारण ते त्याच्या ताटात पडणार नाही. ज्याच्या ताटात पडतं, त्याला निकड आहे, पण हक्क नाही. पुरवठादाराला हे दोन्ही ठाऊक असतं. आदिवासी विकास विभागातल्या २००४ ते २००९ या काळातल्या खरेदीची चौकशी निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांच्या समितीनं केली. मुंबई हायकोर्टात आलेल्या जनहित याचिकेतून ती समिती नेमली गेली होती. अहवाल २०१७ मध्ये आला. त्याचे पाच खंड आहेत. आदिवासींच्या नावानं दुसऱ्यांनी केलेल्या खरेदीची ती कैफियत आहे.

सुप्रीम कोर्टानं ही फट ओळखली होती. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात त्यानं सांगितलं, की अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नकोत, शक्यतो गावातल्या महिला मंडळांकडून आणि बचत गटांकडून तो घ्यावा. यात काटकसरीपलीकडचं शहाणपण आहे. ज्या बायका शिजवतात, त्यांची मुलं तेच खातात. धान्य पारखणारी आणि खाणारी माणसं पुन्हा एका घरातली होतात. तरीही २०१६ मध्ये महाराष्ट्रात घरपोच आहाराची सुमारे ६,३०० कोटी रुपयांची कंत्राटं निघाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. मोठ्या पुरवठादारांना सोयीच्या अटी घालून बचत गटांना बाजूला सारलं गेलं, हे त्या प्रकरणाचं मर्म होतं.

रेशनची गोष्ट थोडी वेगळी. तिथं माणूस निदान पैसे मोजत होता. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तांदूळ तीन रुपये किलो आणि गहू दोन रुपये किलो ठरला. त्याआधी २००१ च्या आदेशानुसार दुकानात चालू धान्याचे नमुने लोकांना दिसतील असे ठेवणं बंधनकारक झालं होतं. वानगी दाखवायची ही जुनी बाजाराची रीत. तुमच्या गावच्या दुकानात ती बाटली किंवा पिशवी कधी पाहिली आहे का? १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झालं. भुकेच्या दृष्टीनं ते चांगलंच. पण त्याबरोबर दोन-तीन रुपयांचा तो व्यवहारही गेला, ज्याच्या जोरावर माणूस 'मी पैसे दिलेत' असं म्हणू शकत होता. 'फुकटचं खाता वर तोंड करून बोलता' हे वाक्य त्या रिकाम्या जागेत येऊन बसतं.

रुजल्यावर बोलणारं बी

मग वाट कुठे आहे? कायद्यात शोधलं, तर ती अगदीच नाही असं नाही.

बियाण्याचंच घ्या. बोगस बी पेरलं, उगवलं नाही आणि शेतकरी ग्राहक मंचात गेला, की कंपन्या म्हणायच्या, बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून आणा. पण बी तर जमिनीत गेलेलं. १६ जानेवारी २०१२ रोजी राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्धच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं शेतकऱ्याच्या बाजूनं कौल दिला. शेतकरी हा ग्राहक आहे आणि पेरणी करताना त्यानं तपासणीसाठी नमुना बाजूला काढून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, असं कोर्टानं म्हटलं. वस्तू वापरून संपली, म्हणजे तक्रारही संपली, असं नाही. बियाण्याला दहा दिवस देणाऱ्या स्मृतिकाराला हे लगेच कळलं असतं.

दुसरी वाट ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतच आहे. १९८६ च्या कायद्यातही ती होती, २०१९ च्या कायद्यातही आहे. ग्राहक म्हणजे मोल देऊन वस्तू घेणारा. पण त्याच्या संमतीनं ती वस्तू वापरणाराही ग्राहकच. वडिलांनी घेतलेला मोबाइल बिघडला, तर वापरणारी मुलगी तक्रार करू शकते, ती याच आधारावर. मग शासनानं मोल देऊन घेतलेली आणि स्वतः हातात ठेवलेली डाळ खाणारी बाई कोण? माझ्या मते तीही वापरणारीच आहे. वकील यावर वाद घालतील आणि घालावा. पण तिला 'लाभार्थी' म्हणून गप्प बसवण्यापेक्षा तो वाद कितीतरी बरा.

तरीही कोर्टाची वाट लांबची आहे. घाट उतरून पालघरला जायचं, तारखा घ्यायच्या, त्या दिवसाची मजुरी बुडवायची. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर गेलेला असतो. भरपाई दोन वर्षांनी मिळेल, पण डाळ आज शिजवायची आहे. म्हणून खरा उपाय पिशवी घेण्याच्या क्षणी हवा. गावातल्या पाच बायकांनी पोतं फोडावं, वानगीशी ताडून पाहावं आणि पटलं नाही तर पावतीवर सही करू नये. सही झाली नाही तर बिल निघू नये. यासाठी नवा शोध लावायची गरज नाही. अन्न सुरक्षा कायद्यात दक्षता समित्या आहेत, सामाजिक लेखापरीक्षण आहे. १९३० च्या कायद्यात तपासायची वाजवी संधी आहे. ती संधी गोदामातल्या अधिकाऱ्याकडून काढून पाड्यावरच्या माणसाच्या हाती द्यायची, एवढंच उरलं आहे.

रोख पैसे द्या, म्हणजे प्रश्न मिटेल, असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. पैसे हातात असले की बाई दुकानात घासाघीस करते, डाळ चोळून पाहते आणि नको म्हणून पुढच्या दुकानात जाते. पण त्यासाठी पुढचं दुकान चालत जाण्याइतक्या अंतरावर हवं आणि त्याच्याकडे तिची उधारी नको. जव्हार-मोखाड्यातल्या कित्येक पाड्यांवर अजून तसं नाही.

लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला गासडीत माती सापडली, तेव्हा मुंबई सरकारनं कायदा केला. मोखाड्याच्या शेतकऱ्याच्या भातात ओलावा सापडतो, तेव्हा यंत्र बोलतं. पाड्यावरच्या पिशवीत चुरी सापडते, तेव्हा त्या बाईचं 'मी घेत नाही' हे म्हणणं कुणाच्या तरी वहीत उतरलं पाहिजे, आणि तेवढ्यानं पुरवठादाराचं बिल अडलं पाहिजे.